मॅक सोडायचा तर आधी जुनी कामं उघडून बघा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. कोल्हापुरात छोटं डीटीपीचं ऑफिस आहे. पुस्तकं, स्मरणिका, एक दिवाळी अंक, मधूनमधून लग्नपत्रिका. २००७ पासून फक्त मॅक. सध्याचा २७ इंची आयमॅक २०१७चा आहे आणि आता तो इतका रेंगाळतो की मोठी फाइल सेव्ह होईपर्यंत चहा पिऊन होतो. भाचा म्हणतो, "मामा, नव्या मॅकच्या पैशात दोन विंडोज मशीन जोडून देतो." हिशोब तुम्हाला पटतोय, पण अठरा वर्षांनी ॲपल सोडणं जिवावर आलंय. हाताखालची मुलगी विंडोजवरच शिकली आहे, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला तुमच्या अख्ख्या प्रश्नात ते वाक्य सगळ्यात कामाचं वाटलं. त्याकडे येतेच.

मी पुण्यात पंचवीसेक वर्षं पुस्तकं लावते आणि त्याच जोडीला छोट्या प्रेसवाल्यांना, प्रकाशकांना मशीन बसवून देते. २०१३ मध्ये मी स्वतः मॅकवरून विंडोजवर आले. नंतर काही जणांना उलट्या दिशेनेही नेलं आणि त्यांचंही बरं चाललंय. त्यामुळे कोणतं मशीन श्रेष्ठ या वादात मला काडीचा रस नाही.

आधी त्या निष्ठेबद्दल बोलू, कारण तुम्ही अडलाय तिथेच. तुम्हाला वाटतंय की तुम्ही अठरा वर्षं एका जागी होतात आणि आता पहिल्यांदाच घर बदलताय. जरा आठवून बघा. २००७ला घेतलेला मॅक इंटेलचा होता, म्हणजे पॉवरपीसीवरून इंटेलवर झालेला बदल नुकताच पार पडला होता. जुनी पॉवरपीसीची सॉफ्टवेअर 'रोझेटा' नावाच्या दुभाष्यामार्फत चालायची. २०११मध्ये मॅक ओएसची लायन ही आवृत्ती आली आणि तो दुभाषा गेला. त्याच्या भरवशावर चाललेली क्वार्क आणि इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती त्या दिवशी बंद पडली. २०१९मध्ये कॅटालिनाने ३२-बिटची सगळी सॉफ्टवेअर एका फटक्यात बाहेर काढली. २०२०च्या नोव्हेंबरात ॲपलच्या स्वतःच्या एम-वन चिपची मशीन आली. आता ॲपलने सांगूनच टाकलंय की टाहो, म्हणजे मॅक ओएस २६, ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती. तुमचा २०१७चा आयमॅक तर तिथवरही पोचत नाही, तो आधीच्या व्हेंच्युरा या आवृत्तीलाच थांबलाय. थोडक्यात, नवा मॅक घेतलात तरी तुमचा प्लॅटफॉर्म बदलतोच आहे. बाहेरचं चिन्ह तेवढं तेच राहील. मी हे ॲपलला नावं ठेवायला सांगत नाही, प्रत्येक बदलाला त्यांची कारणं होती. पण 'थांबलो तर सुरक्षित, सोडलं तर धोका' असं जे गणित तुम्ही मनात मांडलंय, ते चुकीचं आहे. दोन्हीकडे जुनी फाइल न उघडण्याची शक्यता आहे.

दुसरी गोष्ट, खर्च करण्याआधी एवढी तपासा. २०१७च्या पुष्कळ आयमॅकमध्ये 'फ्यूजन ड्राइव्ह' असायची: एक टीबीची फिरती हार्ड डिस्क आणि तिच्या जोडीला जेमतेम ३२ जीबीचा एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क. नवं असताना ती झटपट वाटते. भरत आली, वय झालं की सगळा भार त्या फिरत्या तबकडीवर येतो आणि आपण म्हणतो, मशीन म्हातारं झालं. ॲपलच्या चिन्हाखाली 'अबाउट धिस मॅक'मध्ये स्टोरेज बघा. तिथे फ्यूजन किंवा साधी हार्ड डिस्क दिसली तर एक चांगला बाहेरचा एसएसडी आणा, मागच्या थंडरबोल्टच्या खाचेत लावा, त्यावर व्हेंच्युरा टाका आणि मशीन त्यावरूनच सुरू करा. माझ्याकडे आलेल्या 'मरायला टेकलेल्या' आयमॅकपैकी बरेचसे एवढ्यानेच उठून बसले. २७ इंचीला मागे रॅमची खिडकी आहे, रॅमही घरच्या घरी वाढवता येते. याने प्रश्न सुटत नाही. व्हेंच्युरा जुनंच राहणार, ॲडोबीच्या नव्या आवृत्त्या एकेक करून त्यावर चढायच्या थांबणार. पण घाईघाईत दिवाळी अंकाच्या तोंडावर मशीन बदलण्याची वेळ येणार नाही. डीटीपीवाल्याने श्रावण ते दिवाळी या काळात मशीन बदलू नये, असं माझं मत आहे आणि ते मी स्वतः मोडून शिकलेय.

ती गोष्ट सांगतेच, कारण तुमची खरी अडचण तिच्यात आहे.

२०१३च्या पावसाळ्यात मी नवं विंडोज मशीन घेतलं. हातात एका कथासंग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीचं काम होतं. पहिली आवृत्ती मीच मॅकवर लावलेली, जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये. त्याच नावाचा फाँट विंडोजवर होता. फाइल उघडली. फाँट हरवला असता तर इनडिझाइनने मजकुरावर गुलाबी पट्टा दाखवला असता, तसा काही दिसला नाही. चार पानं चाळली, सगळं जागच्या जागी. दुरुस्त्या केल्या, पीडीएफ प्रेसला पाठवली. पहिला सोळा पानी फॉर्म छापून झाला आणि लेखकांचा फोन: "ताई, तुम्ही माझं गाव बदललंत!" मनोगतात 'कऱ्हाड'चं 'कहाड' झालं होतं. मग बघते तर 'तऱ्हा'चं 'तहा', 'गोऱ्हा'चं 'गोहा'. अर्ध्या र ची ती चंद्रकोरीसारखी आडवी रेघ विंडोजच्या फाँटमध्ये त्या घरात नव्हतीच. तिथे रिकामं चिन्ह होतं, त्यामुळे चौकोनही उमटला नाही. फॉर्म माझ्या खर्चाने पुन्हा छापला.

असं का होतं, ते समजून घ्या. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक असतो. युनिकोडपूर्व फाँटमध्ये खरं तर मराठी नसतंच. इंग्रजी अक्षरांच्या २५६ घरांमध्ये आपल्या मात्रा, काने, जोडाक्षरांचे तुकडे कोंबलेले असतात. पहिल्या १२८ घरांचा क्रम दोन्हीकडे सारखा. त्यापुढची घरं मॅकने एका क्रमाने लावली होती, विंडोजने दुसऱ्या. अ, क, त नेहमीच्या कळांवर असल्यामुळे बरोबर दिसतात. अडचणीत येतात ती कमी वापरातली जोडाक्षरं, जी वरच्या घरांत राहतात. म्हणूनच वरवर चाळलं की सगळं ठीक वाटतं. एकाच नावाचा, एकाच कंपनीचा फाँट असला तरी मॅकची आणि विंडोजची आवृत्ती आतून सारखी असेलच असं धरून चालू नका.

त्यातही एक गंमत आहे. मॅकबरोबर आजकाल 'श्री देवनागरी ७१४' नावाचा फाँट फुकट मिळतो आणि तो युनिकोड आहे. आपल्या जुन्या फायलींमध्ये सापडतो तो 'श्री-देव-०७१४' आणि तो युनिकोडपूर्व आहे. आकडा बघून लोक म्हणतात, अरे हा तर मॅकमध्ये आहेच. फाँट बदलून टाकला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उमटते. त्या खिचडीत तुमचा मजकूर शाबूत असतो, फक्त वाचणारा फाँट चुकलेला असतो. घाबरून फाइल तशीच सेव्ह करू नका.

जुने मॅक फाँट पेनड्राइव्हवर घालून विंडोजवर नेणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा. २००७च्या आसपासचे अनेक फाँट 'सूटकेस' प्रकारचे असतात. त्यात फाँटचा सगळा ऐवज फाइलच्या 'रिसोर्स फोर्क' नावाच्या चोरकप्प्यात असतो आणि हा कप्पा फक्त मॅकलाच दिसतो. विंडोजवर गेलात की तीच फाइल शून्य केबीची, आणि शेजारी टिंब-अधोरेषेने सुरू होणारी त्याच नावाची एक भुताटकी फाइल. लोक त्या भुताटकी फायली कचरा समजून पुसतात आणि नेमका फाँट त्यातच असतो. उलट, विंडोजचा टीटीएफ फाँट आजच्या मॅकवर बिनतक्रार चालतो. तुमच्या फाँटच्या फोल्डरमध्ये नावाच्या शेवटी टीटीएफ आणि ओटीएफ ही शेपटी असलेले किती आणि बिनशेपटीचे किती, एवढं मोजलंत तरी अर्धं चित्र स्पष्ट होईल. इंग्रजीसाठी जुने 'टाइप वन' फाँट वापरत असाल तर ॲडोबीने जानेवारी २०२३ पासून त्यांना दोन्हीकडे रजा दिली आहे. तिथे मॅकवर राहूनही सुटका नाही.

फायलींची नावं हा प्रकार तर कुणाच्या लक्षातच येत नाही. मॅकवर आपण बिनधास्त 'स्मरणिका १२/५/०८ फायनल?' असं नाव देतो. विंडोजला नावात तिरपी रेघ, विसर्गासारखी दोन टिंबं, प्रश्नचिन्ह, तारा, अवतरणचिन्ह यातलं काहीच चालत नाही. कॉपी करताना ती फाइल अडते, आणि हजार फायलींच्या रांगेत एक अडली तर आपल्याला पत्ताही लागत नाही. फोल्डरात फोल्डर असं खोलवर साठवायची सवय असेल तर विंडोजची साधारण २६० अक्षरांची जुनी मर्यादाही आडवी येते. मराठीतून फायलींना नावं देत असाल तर त्याहून बारीक घोटाळा होतो. मॅकची जुनी फाइल-पद्धत नावातलं 'ऱ' हे अक्षर फोडून 'र' आणि खालचा नुक्ता असं साठवायची. विंडोज तसं करत नाही. 'दुसऱ्या_आवृत्तीचे_मुखपृष्ठ' हे नाव दोन्हीकडे डोळ्यांना एकच दिसतं, पण इनडिझाइनला लिंक सापडत नाही. दुपारभर शोधत बसाल. माझ्या ऑफिसात आता फायलींची नावं फक्त रोमन अक्षरांत, आकड्यांत आणि अधोरेषेने. मातृभाषेचा अभिमान मजकुरात दाखवावा, फाइलच्या नावात नको.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. मॅक की विंडोज हे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ती मला पूर्ण माहीत नाही. व्हिडिओ करत असाल, फायनल कटमध्ये हात बसलेला असेल तर हलू नका. फायनल कट आणि लॉजिक विंडोजवर मिळत नाहीत. सगळं काम ॲडोबीमध्ये असेल तर कुठेही जा. वर्गणी दोन्हीकडे चालते, एकाच खात्यावर दोन मशीन जोडता येतात, त्यातलं एक मॅक आणि एक विंडोज असलं तरी हरकत नसते. बदलाचे महिना-दोन महिने दोन्ही मशीन एकाच वर्गणीत चालतील, हा फायदा लोक विसरतात. हिशोब टॅलीवर असेल तर टॅलीप्राइमला विंडोजच लागतं. गावातला फ्लेक्सवाला 'कोरल फाइल द्या' म्हणत असेल तर कोरल २०१९मध्ये मॅकवर परत आलंय खरं, पण आपल्याकडचे ऑपरेटर, त्यांच्या जुन्या आवृत्त्या, प्लॉटरची सॉफ्टवेअर सगळी विंडोजवर. मॅकवरून दिलेली फाइल त्यांच्याकडे नीट उघडली नाही तर दोष तुमच्यावरच येतो.

आणि ती मुलगी. तुम्ही लिहिलंय की ती विंडोजवर शिकली. पाच-सात वर्षांनी ऑफिसचं निम्मं काम तिच्या किंवा तिच्यासारख्या कुणाच्या हातात असेल. कोल्हापुरात मॅक येणारा मराठी डीटीपी ऑपरेटर शोधायला किती दिवस लागतात, हे तुम्हालाच जास्त माहीत. माझ्याकडे येणारे बरेच मालक मशीन निवडताना फक्त स्वतःच्या हाताचा विचार करतात, आणि पुढे आठ-दहा तास त्या खुर्चीत दुसरंच कुणीतरी बसतं.

तर माझं मत: तुमच्या जागी मी असते तर विंडोजवर गेले असते. पण भाचा सांगतो त्या कारणाने नाही. स्वस्ताईचा हिशोब मला तितकासा पटत नाही. मॅक मिनी एम-फोर २०२४मध्ये आपल्याकडे ५९,९०० रुपयांना आला, १६ जीबी रॅमसकट. पुस्तकं लावायला तो पुरून उरतो. महाग पडतो तो पडदा. तुमच्या आयमॅकमधला ५के पडदा आजही बाजारातल्या बहुतेक मॉनिटरांपेक्षा सरस आहे आणि दुर्दैवाने तो दुसऱ्या मशीनला नुसता मॉनिटर म्हणून जोडता येत नाही. ॲपलचा तसाच २७ इंची ५के स्टुडिओ डिस्प्ले २०२२मध्ये आला तेव्हाच १,५९,९०० रुपये होता. म्हणून मॅक घ्या वा विंडोज, भाच्याला एवढं सांगा: ग्राफिक कार्डावर उडवायचे पैसे मॉनिटरवर लाव. २७ इंची, ४के, आयपीएस पॅनल, पूर्ण एसआरजीबी. इनडिझाइनला गेमिंगचं कार्ड लागत नाही आणि दिवे लुकलुकणारा कॅबिनेट तर नाहीच नाही. रॅम ३२ जीबी घ्या. स्वस्तातले जुने भाग मात्र नको म्हणा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. याच कारणाने 'आयमॅकवरच बूट कॅम्पने (मॅकवर विंडोज चालवायची ॲपलची सोय) विंडोज टाकू' हाही मार्ग बंद आहे. त्यात सातव्या पिढीचा प्रोसेसर आहे.

हाताच्या सवयीबद्दल. माझा पहिला आठवडा असा गेला: मॅकवर कमांडची कळ अंगठ्याखाली, विंडोजच्या कीबोर्डवर त्याच जागी ऑल्ट. अंगठा सवयीने ऑल्ट दाबायचा, कॉपी होण्याऐवजी वरचे मेनू उघडायचे, आणि मी पेस्ट करायचे तेव्हा तासापूर्वीचा मजकूर येऊन पडायचा. एका लग्नपत्रिकेत वराच्या आईच्या जागी हॉलचा पत्ता पेस्ट झाला होता, प्रूफात सापडला म्हणून बरं. कळांची अदलाबदल करून देणारी सॉफ्टवेअर आहेत, मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमध्येच ती सोय आहे. माझा सल्ला, करू नका. तुमची कळ बदललेली आणि त्या मुलीची न बदललेली असलं मशीन दोघांनाही त्रास देईल. करंगळीला कंट्रोलची सवय लागायला मला तीन आठवडे लागले. त्या काळात घाईची कामं आयमॅकवरच करा.

मराठी टायपिंग कसं करता, ते तुम्ही लिहिलं नाही. इनस्क्रिप्ट येत असेल तर काळजीच नाही, तो कीबोर्ड दोन्हीकडे सारखा. मॅकचा देवनागरी क्वर्टी वापरत असाल तर विंडोजचा मराठी फोनेटिक वेगळ्या तऱ्हेने चालतो, तो नव्याने शिकावा लागेल. टाइपरायटरचा जुना कीबोर्ड हातात असेल तर विंडोजवर त्याच्यासाठीची बाहेरची सॉफ्टवेअर मॅकपेक्षा खूप जास्त मिळतात. माझ्या अनुभवात जुन्या कंपोझिटरांना मॅकवरून विंडोजवर आणताना सगळ्यात मोठा दिलासा याचाच असतो.

पडद्यावर मराठी जरा वेगळं दिसेल, तेही सांगून ठेवते. विंडोज अक्षरांच्या कडा वेगळ्या पद्धतीने घासते, त्यामुळे साध्या मॉनिटरवर शिरोरेषा कुठे जाड कुठे बारीक वाटते. छपाईशी त्याचा संबंध नाही. ४के पडद्यावर हा फरक जाणवेनासा होतो.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते. नवं मशीन येण्याआधी कुणाचं तरी विंडोज मशीन एक दिवस मागून घ्या, त्या मुलीचा लॅपटॉप असला तरी चालेल. तीन कामं निवडा: मागच्या महिन्यातलं एक, पाच-सहा वर्षांपूर्वीचं एक, आणि तुमच्याकडचं सगळ्यात जुनं एक. तिन्ही उघडा. मॅकवरची पीडीएफ शेजारी ठेवून ऱ्ह, ऱ्य, द्ध, ङ्क, ष्ट्र, ह्र, क्ष्म असले शब्द शोधून पानापानांवर ताडून बघा. सबंध मजकूर वाचायची गरज नाही, हीच अक्षरं घात करतात. जे बिघडेल ते एका वहीत लिहा. तुमच्या बदलाचा खरा खर्च त्या वहीत असेल, भाच्याच्या कोटेशनमध्ये नाही.

मग आयमॅकवर बसूनच, ज्या कामांची पुन्हा मागणी येऊ शकते अशा सगळ्यांची छपाईची पीडीएफ आणि आयडीएमएल (इनडिझाइनच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत उघडणारी प्रत) काढून ठेवा. पेजमेकरच्या फायली पडल्या असतील तर त्या उघडू शकणारं इनडिझाइन सीएस ६पर्यंतचंच, आणि ते तुमच्या व्हेंच्युरावर चालणार नाही. माळ्यावर जुना मॅक पडला असेल तर तो भंगारात घालू नका. क्वार्कच्या फायलींना शेपूटच नसेल तर विंडोज ओळखणारही नाही, ते आधी जोडा. मॅकच्या टाइम मशीन बॅकअपची डिस्क विंडोजला वाचता येत नाही, तिच्या भरवशावर राहू नका. साध्या एक्सफॅट डिस्कवर फायली सरळ कॉपी करा. ही डिस्क दोन्हीकडे चालते, पण वायर मध्येच निसटली तर लवकर बिघडते, म्हणून ती ने-आणीपुरती. कायमची प्रत दुसऱ्या दोन डिस्कवर.

जुना मजकूर युनिकोडमध्ये आणायचं काम मात्र एकदम काढू नका. ज्या पुस्तकाची नवी आवृत्ती येईल तेवढंच बदला. रूपांतर करणारी सॉफ्टवेअर नव्वद टक्के काम करतात असं म्हणतात आणि उरलेल्या दहा टक्क्यांत आपली पंधरा दिवसांची झोप जाते. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप झालेली असते आणि रफार नंतर; युनिकोडमध्ये दोन्हीचा क्रम उलटतो. जिथे दोन्ही एकत्र येतात, 'आर्थिक', 'धार्मिक', 'वार्षिक', तिथे हमखास गोंधळ. 'ॲ' हे अक्षरही तपासा. युनिकोडमध्ये ते २००८मध्ये स्वतंत्र आलं, त्यामुळे काही ठिकाणी एकसंध 'ॲ' आणि काही ठिकाणी 'अ'वर चंद्र असं मिश्रण होतं, आणि शोधायला गेलं की अर्धेच शब्द सापडतात. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला आपली लिपी नीट जोडणारा 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' लावलाय ना, ते आधी बघा. नसेल तर वेलांट्या उलट्या बाजूला पडतात आणि लोक फाँटला शिव्या घालतात. नव्या कामांसाठी मुक्त, दोन्हीकडे लावता येतील असे युनिकोड फाँट निवडलेत तर पुढच्या वेळी मशीन बदलताना यातलं काहीच करावं लागणार नाही. 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्ता' किंवा 'बलू' घ्या, दोन्हीकडे अक्षरशः तीच फाइल चालते.

आणि आयमॅक विकू नका. त्याला एसएसडी लावा, इंटरनेट एरवी तोडून ठेवा (ॲडोबीची वर्गणी असेल तर तिच्या तपासणीपुरतं अधूनमधून जोडा), अपडेट बंद करा, कोपऱ्यात ठेवा. दहा वर्षांपूर्वीची स्मरणिका मागायला कुणी ना कुणी येतंच, आणि ती बिनघोर उघडेल असं मशीन तुमच्याकडे आजच आहे. विकून जे पैसे येतील त्यात एक फॉर्मसुद्धा पुन्हा छापून होणार नाही.

हे सगळं मी तुमच्या फायली न बघता लिहितेय. तुमच्या फाँट फोल्डरमध्ये शेपूट नसलेले किती आहेत आणि सगळ्यात जुनी फाइल कशात केलेली आहे, एवढं बघून कळवा. सगळे टीटीएफ निघाले तर भाच्याला उद्याच कामाला लावा. सूटकेसच जास्त असतील तर दिवाळी उरकू द्या आणि मग बोलू.